आधी नंबर विचारा

एरवी या सदराकडे चावणाऱ्या बुटांच्या, उखडलेल्या सोलच्या आणि चार वेळा धुऊनही वास न जाणाऱ्या कॅनव्हासच्या तक्रारी येतात. या खेपेला आलेल्या पाच पत्रांचा विषय मात्र एकच निघाला. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना पायात घालायला काहीतरी द्यायचं आहे, पैसे बेताचे आहेत, तर काय घ्यावं? मी 26 वर्षं बुटांच्या दुकानात बुटक्या स्टुलावर बसून लोकांच्या पायांत बूट चढवले. निवृत्त झाल्यावर गेली सहा वर्षं दर रविवारी संध्याकाळी बेघरांच्या एका रात्र-निवाऱ्यात तेच करतो, फक्त बिल फाडत नाही. तेव्हा स्टुलावरून जेवढं दिसतं तेवढंच सांगतो.

प्रश्न : आम्ही दहा शेजाऱ्यांनी वर्गणी काढली आहे. तेवढ्या पैशांत अगदी स्वस्तातले चाळीस जोड येतील किंवा बऱ्यापैकी पंधरा. जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून चाळीस घ्यावेत, असं बहुतेकांचं मत पडलं. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : तुमच्या पत्रात पैशांचा हिशोब आहे, जोडांचा आहे, पण पायाचा नंबर एकही नाही. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, आणि मी तर धंद्यातला माणूस! ओळखीच्या ठोक व्यापाऱ्याकडून दोन खोकी उचलली. खोक्यात बारा जोड, साइजचा सेट ठरलेला. दोन्ही मिळून सहा नंबरचे दोन, सातचे सहा, आठचे आठ, नऊचे सहा, दहाचे दोन. दहाचे दोन्ही जोड पाच मिनिटांत गेले. त्यानंतर आलेल्या एका उंच माणसाने माझ्या हातातला आठ नंबरचा जोड बघितला, काही न बोलता घेतला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो दिसला, तेव्हा दोन्ही बुटांची पुढची टोकं त्याने ब्लेडने कापून टाकली होती. बूट आठवड्याभराचा, आणि बोटं बाहेर. ‘‘चावत होता,’’ एवढंच म्हणाला. सहा नंबरचे दोन जोड माझ्याकडे वर्षभर पडून होते.

म्हणून आधी यादी करा. तुमच्या भागात जी संस्था किंवा निवारा या लोकांसाठी काम करतो, तिथे जाऊन विचारा. बहुतेक ठिकाणी कुणाला काय हवं ते तिथल्या माणसांना तोंडपाठ असतं. थेट माणसांनाच विचारणार असाल तर नंबर विचारून भागत नाही. वर्षानुवर्षं मिळेल ते घालणाऱ्या माणसाला स्वतःचा नंबर ठाऊक असेलच असं नाही. कागद आणि पेन्सिल न्या. माणसाला कागदावर दोन्ही पायांवर उभं करा, कारण भार पडला की पाऊल लांब आणि रुंद होतं. पेन्सिल उभी धरून बाहेरून रेघ मारा. दोन्ही पावलं काढा आणि मोठं असेल ते धरा. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. नंबरांचा गोंधळ होतो, मिलिमीटरचा होत नाही. ब्रिटिश नंबरात एका पायरीचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपीय नंबरात तोच 6.67 मिलिमीटर. पुरुषांचा अमेरिकन नंबर ब्रिटिशपेक्षा साधारण एकाने जास्त असतो. वेगवेगळ्या ठिकाणचा माल एकत्र करणार असाल तर हे लक्षात ठेवावं लागतं.

माप घ्यायचं ते संध्याकाळी. दिवसभर चाललेला पाय सुजतो. बाकावर किंवा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपणाऱ्यांचे पाय तर रात्रभर खाली लोंबकळत असतात, त्यामुळे सकाळीही सूज उतरलेली नसते. पुढे अंगठ्याभर, म्हणजे दहा-बारा मिलिमीटर जागा ठेवा. जाड मोज्यांचा हिशोबही धरा. शंका आली तर अर्धा नंबर मोठा. मोठ्या बुटात जाड इनसोल घालता येतो, लहान बुटाला काही करता येत नाही.

काही जण बूट काढायलाच तयार होत नाहीत. एका गृहस्थांनी मला तीन रविवार हुलकावणी दिली. चौथ्या रविवारी हळूच म्हणाले, ‘‘अकरा दिवस काढले नाहीत हो, इथे नको.’’ मी कागद-पेन्सिल त्यांच्या हातात दिली आणि पाठ करून बसलो. कागद परत आला तेव्हा रेघ थोडी थरथरलेली होती, पण माप चोख होतं, सात नंबर. पायातला बूट नऊचा होता. पुढे बोळे कोंबलेले, आणि मोज्यावरून प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली, पाणी आत येऊ नये म्हणून. बाहेरचं पाणी येत नव्हतं खरं, पण आतला घामही कुठे जात नव्हता. तळवा पांढराफटक आणि सुरकुतलेला, कपडे धुणाऱ्याच्या हातासारखा.

पाय दाखवायला नकार मिळाला तर पायातला बूट वाचा. टाच दुमडून चपलेसारखा घातलेला बूट म्हणजे तो लहान होतोय. चालताना टाच उचलली जात असेल आणि बंद करकचून आवळलेले असतील तर मोठा होतोय. करंगळीपाशी कापड फाटलेलं म्हणजे लांबी ठीक, रुंदी कमी. अशा माणसाला मोठा नंबर देऊन उपयोग नाही, रुंद पंजाचा बूट शोधायला हवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, चाळीस की पंधरा? चाळीस नकोत. अगदी स्वस्त बुटाचा सोल नुसता चिकटवलेला असतो. रोज दोन तास चालणाऱ्याला तो वर्षभर पुरेल, पण इथे माणूस दिवसभर त्यात असतो, रात्रीही पुष्कळदा त्यातच झोपतो. महिन्याभरात सोल तोंड उघडतो. पण पंधराच मिळतील हेही मला मान्य नाही, कारण बरा बूट पूर्ण किमतीला घेण्याची गरज नसते.

दुकानदाराला ‘कट साइज’ विचारा. सेटमधले मधले नंबर विकून झाले की कडेचे दोन-चार जोड उरतात आणि दुकानदाराच्या दृष्टीने ती अडगळ होते. हंगाम संपताना तो ते जवळजवळ खरेदीच्या भावाला सोडतो. तुम्हाला हवे असतात ते पुष्कळदा कडेचेच नंबर, अकरा, बारा, नाहीतर तीन-चार. काचेत ठेवलेल्या जोडाचं असंच. त्यातला एकच पाय उन्हात असतो, त्यामुळे त्याचा रंग उडालेला आणि पेटीतला जोडीदार काळाकुळकुळीत. आमच्या दुकानात असले जोड मालक कुणालाही टाकल्या भावात देत असे. बायकांसाठी तीन ते पाच नंबर हवे असतील तर मुलांच्या विभागात बघा. तोच बूट, तोच सोल, किंमत कमी. (आणि बायकांना विसरू नका. आमच्याकडे येणाऱ्या दर दहा पिशव्यांपैकी नऊ पुरुषांच्या मापाच्या असतात, दहावीत उंच टाचांचे सँडल.)

कारखान्याचा सेकंडचा मालही चालतो, पण दोष कुठे आहे ते बघून घ्यायचं. रंगाचा डाग, वाकडी शिलाई, तिरका छाप, बेलाशक घ्या. जोड टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलत असेल तर ठेवून द्या. दोन्ही सोल एकमेकांना लावा, लांबीत फरक नको. सोल आणि वरचा भाग जिथे जुळतात तिथे अंगठ्याचं नख फिरवा. नख आत शिरलं तर तिथूनच उखडणार. मग बूट वाकवून बघा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्येच घडी पडत असेल तर पाय दुखणार. उरलेल्या पैशांतून दुरुस्तीवाल्याकडून सोलला कडेने शिलाई मारून घ्या. घेतल्या दिवशी मारलेली शिलाई उखडल्यावर मारलेल्या शिलाईपेक्षा कितीतरी टिकते.

प्रकार कोणता? बहुतेकांना गडद रंगाचा, बंदांचा, रबरी सोलचा साधा चालायचा बूट. पूर्ण वॉटरप्रूफ बुटाचं आकर्षण सगळ्यांना असतं, मला नाही. पाणी वरून, घोट्याकडून आत शिरतं आणि मग बाहेर पडत नाही. जाळीचा बूट लवकर भिजतो, तसा लवकर वाळतोही. गमबूट दिवसभर घालण्याची वस्तू नव्हे. कडाक्याच्या थंडीत मात्र चामड्याचा घोट्यापर्यंतचा बूट आणि आत जाड मोजा, याला तोड नाही.

कुणी मजुरीवर जात असेल आणि त्याने स्वतः मागितला, तर बोटांवर लोखंडी टोपी असलेला सेफ्टी बूट द्या. आतल्या पट्टीवर किंवा जिभेवर ‘आयएसओ 20345’ हा आकडा बघा. त्या मानकानुसार टोपीने 200 जूलचा आघात सोसायला हवा. तो आकडा नसलेला बूट दिसायला तसाच असतो, पण कामावर मुकादम परत पाठवतो. न मागता मात्र हा देऊ नका. जड असतो आणि थंडीत लोखंड बोटं गोठवतं.

प्रश्न : घरात सगळ्यांचे मिळून बारा-तेरा जुने जोड निघाले. धुऊन दिले तर चालतील ना? कोणते देऊ नयेत?

उत्तर : पाळायची पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक जोडाचे बंद एकमेकांना गाठ मारून बांधा. बंद नसतील तर रबर लावा. गोणीत सुटे टाकलेले बूट तिकडे पोचतात तेव्हा आमची अर्धी संध्याकाळ डाव्याला उजवा शोधण्यात जाते, आणि शेवटी तीन डावे उरतातच.

बरीच वर्षं पेटीत जपून ठेवलेला ‘नव्यासारखा’ बूट सगळ्यात फसवा. पॉलियुरेथेन या मऊ प्लॅस्टिकचा सोल हवेतल्या ओलाव्याने आतल्या आत कुजतो, न वापरताही. दिसायला धडधाकट असतो आणि चार पावलांत त्याचा भुगा होतो. सोलच्या कडेला नखाने जोरात दाबा. खळगा तसाच राहिला, चिकट लागलं किंवा कण निघाले तर टाकून द्या. रबर आणि ईव्हीए या हलक्या फोमचं असं होत नाही. कृत्रिम चामड्याला पापुद्रे सुटले असतील तर तोही बाद.

दुसऱ्याच्या पायाने एका बाजूला झिजलेली टाच देऊ नये. तो कल नव्या माणसाच्या गुडघ्यात जातो. बाकी झिजलेला सोल बदलता येतो, दुरुस्तीवाल्याला विचारा. आतला इनसोल काढून टाका. त्यावर तुमच्या पायाचा ठसा बसलेला असतो, आणि पायाच्या नायट्याची बुरशीही तिथेच मुक्काम करते, महिनोन्महिने. नवीन इनसोल घाला, बुरशीनाशक पावडर टाका, कोरडा होईपर्यंत हवेशीर ठेवा. वाळवायला आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते बदलत राहा. विस्तवाजवळ किंवा हीटरवर ठेवलात तर गोंद सुटतो आणि चामडं तडकतं.

नियमित धावणारी माणसं ओळखीत असतील तर त्यांना गाठा. ही मंडळी 500 ते 800 किलोमीटर झाले की बूट बदलतात, कारण उशी दबलेली असते. धावायला दबलेली, चालायला अजून पुष्कळ उरलेली. माझ्या पिशवीतले सगळ्यात चांगले जोड त्यांच्याकडून येतात.

प्रश्न : रोज एकाच कोपऱ्यावर बसणाऱ्या एका माणसाला मी नवेकोरे पांढरे स्पोर्ट्स शूज दिले. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा अनवाणी. विकले असणार. फार वाईट वाटलं. पुढच्या वेळी विकता येऊ नयेत म्हणून खूण करावी का?

उत्तर : विकले असतील, किंवा चोरीला गेले असतील. उघड्यावर झोपणाऱ्याच्या वस्तूंत रात्री सगळ्यात आधी बूट जातात. म्हणून तर लोक ते घालून झोपतात, नाहीतर उशाला घेतात. पांढरा, चमकणारा, मोठा छाप असलेला बूट दुरून दिसतो. पुढच्या वेळी काळा किंवा गडद करडा घ्या. पेटी नको, किमतीची चिठ्ठी काढा, बंद ओवून द्या, आणि जमलं तर हातात धरून अंगणात दोन चकरा मारून थोडा मळवून द्या. मी मळवतो.

आणि तो जोड त्याच्या मापाचा होता का, हे तुमच्या पत्रात नाही. चावणारा बूट माणूस विकणारच. तुम्ही विकला नसता?

खुणेचं म्हणाल तर जिभेवर ‘दान’ असा शिक्का मारलेले बूट मी पाहिले आहेत. कामाची विचारणा करायला गेलेल्या माणसाच्या पायात ते असतात तेव्हा कसं वाटत असेल, याचा विचार शिक्का मारणाऱ्याने केला नसावा. देऊन टाकलेली वस्तू त्याची झाली. विकेल, बदलेल, मित्राला देईल.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका आजोबांना मधुमेह आहे. पायाला संवेदना कमी आहे असं ते म्हणतात. त्यांच्यासाठी मऊ चप्पल पुरेल का?

उत्तर : मी डॉक्टर नाही. तळव्यावर जखम, फोड किंवा रंग बदललेला दिसला तर बुटाच्या आधी दवाखाना गाठा. त्यातही उशीर नको.

बुटाबद्दल सांगतो. बधिर पायाला बूट चावतोय हे कळत नाही, हीच सगळी अडचण. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना हेच दाखवून दिलं, की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय तिथून खराब होतो. तिथल्या कामातून मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला पुढे आल्या. हे रबर मऊ असतं, पण दाबलं तरी तळाला बसत नाही. बोटाने दाबून सोडा, लगेच वर आलं पाहिजे. नुसता मऊ स्पंज आठवड्यात चपटा होतो आणि मग तो असून नसून सारखाच.

अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा येणारी चप्पल त्यांना नकोच. मागे पट्टा असलेली, पुढून झाकलेली, रुंद पंजाची हवी. पट्टा वेल्क्रोचा असेल तर सुजेप्रमाणे सैल करता येतो आणि थरथरत्या हातांना बंदांपेक्षा सोपा पडतो. त्यात धागे अडकून तो पकडेनासा झाला की जुन्या टूथब्रशने साफ करायचा. आतून हात फिरवून बघा, कुठेही शिलाईचा उंचवटा लागता कामा नये. आणि त्यांना एवढी एक सवय लावा, की रोज घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा आणि आत हात घालून चाचपायचा. आमच्याकडे एकाच्या बुटातून बाटलीचं झाकण निघालं. तो दोन दिवस त्यावर चालत होता.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. बूट घेण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. काही उपयोगाचं करता येईल का?

उत्तर : मोजे घे. गंमत करत नाही. बूट वर्षातून दोनदा लागतात, मोजे आठवड्याला. आणि जुने मोजे कुणी देत नाही, ते बरंच आहे.

पहिल्या महायुद्धात खंदकांत उभ्या असलेल्या हजारो सैनिकांचे पाय गोळी न लागता गेले. त्याला ‘ट्रेंच फूट’ म्हणत. पाय सतत ओला आणि गार राहिला की होतो. बर्फ पडायला लागत नाही, 15 अंशांतही होतो. त्यावर इलाज निघाला तो पाय वाळवणं, मोजे बदलणं आणि सैनिकांच्या जोड्या लावून एकाने दुसऱ्याचे पाय तपासणं. तो खंदक आजही फुटपाथवर आहे.

निव्वळ सुती मोजा टाळ, तो पाणी धरून ठेवतो. थंडीसाठी लोकरीचं मिश्रण, कारण लोकर ओली झाली तरी ऊब देते. एरवी पॉलिस्टरचं मिश्रण लवकर वाळतं. घोट्याच्या वर जाणारे घे, पण वरचं इलॅस्टिक करकचणारं नको, सुजलेल्या पायावर वळ उठतात. एकाला एक जोड देऊ नकोस, दोन दे. एक पायात, दुसरा पिळून शर्टाच्या आत पोटाशी, तिथे अंगाच्या उबेने वाळतो. ही युक्ती मला निवाऱ्यातल्याच एकाने शिकवली. मी आपला त्याला मोजे कुठे वाळत घालायचे ते समजावत होतो आणि त्याने शर्ट वर करून दाखवला.

जोडीला बुटांचे बंद दे. तुटलेला बंद म्हणजे सैल बूट, आणि सैल बूट म्हणजे टाचेवर फोड. 120 सेंटिमीटरचे घे, बहुतेक बुटांना पुरतात. पैसे उरलेच तर सुटे इनसोल. मोठ्या नंबरचे घ्यायचे, कात्रीने कापून कुठल्याही बुटात बसतात.

आणि मोजे सगळे एकाच रंगाचे, काळे घे. एक हरवला तरी उरलेला दुसऱ्या कुठल्याही मोज्याशी जमतो.